हजारातले सहा लिटर

प्रति,
जलअभियंता खाते, बृहन्मुंबई महानगरपालिका
आणि मुंबईच्या नळाचे पाणी पिणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

१८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने मुंबईत पोहोचले. त्या गोष्टीला आता १६५ वर्षे होऊन गेली. आणखी काही वर्षांनी पावणेदोनशे होतील आणि तेव्हा मोठा सोहळा होईल, तो व्हायलाही हवा. देशातल्या फार थोड्या शहरांच्या पाणीपुरवठ्याला एवढा जुना आणि अखंड इतिहास आहे. त्या सोहळ्याची तयारी सुरू होण्याआधी हे पत्र तुमच्या हाती पडावे, म्हणून आजच लिहिते आहे.

मी शहापूर तालुक्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. खर्डीच्या पुढे, मुंबईच्या पाइपलाइनपासून चालत जाण्याच्या अंतरावर माझे गाव आहे. माझ्या आजोबांनी वैतरणेच्या धरणावर खडी फोडली. आज तुम्ही त्याला मोडकसागर म्हणता. धरणावर काम केल्याचा त्यांना शेवटपर्यंत अभिमान होता. भिंतीत आपल्या हातचा दगड आहे, असे ते सांगत. माझी मुलगी लग्न होऊन मुलुंडला गेली. तिच्या घरी सकाळी नळ येतो, तो याच बाजूच्या तलावांचा. मे महिन्यात ती माहेरी येते तेव्हा कसारा लोकलमध्ये कपड्यांच्या पिशवीसोबत पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन घेऊन येते. आमच्या डोंगरात पडलेले पाणी मुंबईला जाते आणि त्यातले चाळीस लिटर माझी लेक हाताला घट्टे पाडून परत आणते. मला बोलायचे आहे ते याच्याबद्दल.

आधी तुमच्या कामाबद्दल बोलते, कारण ते मला मनापासून मोठे वाटते. १८५०च्या दशकात मुंबईत पावसाने दगा दिला, विहिरी आणि तळी आटली, गुरे माहीमच्या बाजूला हलवावी लागली. होड्यांतून आणि नव्या रेल्वेतून पाणी आणून विहिरींत ओतावे लागले. म्हणजे एके काळी मुंबईही टँकरवर जगत होती, फक्त तो रुळावरून आणि समुद्रावरून यायचा. त्या हालातून धडा घेऊन १८५६ साली मिठी नदीवर विहारचे काम सुरू झाले आणि चार वर्षांत पाणी आले. मग १८७९ला तुळशी. तेही पुरेना, तेव्हा शहराने पहिल्यांदा इतक्या दूर, आमच्याकडे पाहिले. १८९२ला तानसा झाले. दोन किलोमीटरहून लांब, दगडी बांधकामाची ती भिंत मी शाळेच्या सहलीत मुलांना दर वर्षी दाखवायची. शंभर किलोमीटरच्या आसपासचा प्रवास ते पाणी उताराच्या जोरावर करते, हे सांगताना माझाच आवाज चढायचा. पुढे १९५७ला मोडकसागर, १९७३ला ऊर्ध्व वैतरणा, १९८०च्या दशकापासून भातसा आणि २०१४ला मध्य वैतरणा. दीडशे वर्षे एका शहराने पुढच्या पिढीची तहान आधीच मोजून ठेवली. असे नियोजन आपल्याकडे क्वचित दिसते.

आता त्याच मोजमापाची दुसरी बाजू पाहा. तुमच्या सात तलावांचा एकूण उपयुक्त साठा १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. पावसाळ्यात हा आकडा रोज वर्तमानपत्रात येतो, आणि मुंबईत बसलेला माणूसही तलाव किती टक्के भरला ते तोंडपाठ सांगतो. यात मुंबईच्या हद्दीतले तलाव दोनच, विहार आणि तुळशी. दोघांचा मिळून साठा ३५,७४४ दशलक्ष लिटर. शंभर हंड्यांतले अडीच हंडेसुद्धा नाहीत. उरलेले साडेसत्त्याण्णव हंडे बाहेरचे. एकट्या भातशाचा वाटा जवळजवळ निम्मा. भातसा आणि तानसा शहापूर तालुक्यात. मोडकसागर आणि मध्य वैतरणा आमच्या आणि मोखाड्याच्या सीमेवर. ऊर्ध्व वैतरणा नाशिक जिल्ह्यात. तेव्हा १६५ वर्षांचा इतिहास सांगताना तो विहारपासून सुरू होतो हे खरे, पण आजची मुंबई विहारवर उभी नाही, आमच्यावर उभी आहे.

आणि आमच्याकडे काय आहे? 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण आमच्या तालुक्याबद्दल इतक्यांदा छापून आली आहे की वाचणाऱ्याला तिचे काही वाटेनासे झाले आहे. म्हणून म्हण बाजूला ठेवते आणि काय होते तेवढेच सांगते.

आमच्याकडे पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पडतो. कमी पावसाचा हा मुलूख नाही. पण खाली काळा कातळ आहे आणि जमीन उताराची. जे पडते ते धावत नदीला जाते आणि नदी धरणाला. जमिनीत मुरते ते फार थोडे. होळीपर्यंत विहिरींचा तळ दिसतो. मग बायका ओढ्याच्या पात्रात डवरे खणतात. डवरा म्हणजे वाळूत कोपरभर खोल खड्डा. त्यात पाणी झिरपेपर्यंत बसून राहायचे, वाटीने ते हंड्यात भरायचे, वरून फडके लावून गाळायचे. एका हंड्याला कधी पाऊण तास लागतो. पहाटे चारला जाणारीला पहिला नंबर मिळतो. चार वाजता अंधार असतो, म्हणून बाई एकटी जात नाही, सोबत मुलीला घेऊन जाते.

मी अडतीस वर्षे पाड्यांवरच्या शाळांत शिकवले. मार्च उजाडला की हजेरीपटावर मुलींच्या रांगेत गैरहजेरीच्या खुणा वाढत. विचारले की एकच उत्तर यायचे, 'पाण्याला गेली.' मुलगे शाळेत असत. पुढेपुढे मी कारणाच्या जागी नुसते 'पाणी' लिहू लागले. नोकरी सुरू केली त्या वर्षीही लिहिले आणि निवृत्त झाले त्या वर्षीही. पहिल्या वर्षाच्या पटावरच्या एका मुलीची नात शेवटच्या वर्षाच्या पटावर होती. तिच्याही नावापुढे तोच शब्द मी माझ्या हाताने लिहिला आहे. निवृत्त होताना मनाला लागून राहिले ते हेच.

यात तुमच्या खात्याची चूक आहे, असे मी म्हणत नाही. आमच्या गावांना पाणी देणे कायद्याने तुमचे काम नाही, हे मला माहीत आहे. ते ग्रामपंचायतीचे, जिल्हा परिषदेचे, राज्याचे काम. भातसाही राज्याच्या जलसंपदा विभागाचे आहे, म्हणून हे पत्र तिथेही वाचले जावे अशी इच्छा आहे. पण ज्याच्या अंगणातून रोज ३,८०० दशलक्ष लिटरांहून जास्त पाणी न्यायचे, त्याच्या घरात प्यायला आहे का हे पाहणे फक्त कायद्याच्या कलमावर सोडता येत नाही.

माझ्या तक्रारी चार आहेत.

पहिली आणि सर्वात मोठी गारगाईची. वाडा तालुक्यात तानसा अभयारण्याच्या परिसरात गारगाई नदीवर नवे धरण बांधायचे, त्यातून रोज ४४० दशलक्ष लिटर पाणी मुंबईला न्यायचे, असा हा बेत. मध्यंतरी झाडांचा आणि जंगलाचा विचार करून तो बाजूला ठेवला होता. आता तो पुन्हा पुढे सरकतो आहे. पुन्हा गावे उठणार, लाखोंनी झाडे जाणार. मुंबईची लोकसंख्या वाढते, तिला पाणी लागणार, हे मी नाकारत नाही. पण तुमच्याच अधिकाऱ्यांनी वेळोवेळी मान्य केले आहे की शहरात येणाऱ्या पाण्यापैकी चौथा हिस्सा, किंवा त्याहूनही जास्त, गळतीत आणि चोरीत जातो. ३,८००चा चौथा हिस्सा म्हणजे ९५० दशलक्ष लिटर. दोन गारगाई होऊन वर उरेल एवढे. जुन्या वाहिन्या बदलणे, गळत्या शोधणे कटकटीचे आणि वेळखाऊ काम आहे. त्यासाठी गर्दीच्या शहरात रस्ते खणावे लागतात, लोक ओरडतात, नगरसेवक चिडतात. जंगलात धरण बांधताना एवढे ओरडणारे कोणी नसते. गारगाईचा निर्णय सोपा वाटण्याचे खरे कारण हेच असावे, असे मला वाटते आणि त्याचेच मला दुःख होते. आमच्याकडचे लोक हळू बोलतात, म्हणून त्यांचे गाव आधी उठवायचे का?

दुसरी तक्रार ग्रामसभेची. शहापूर, वाडा, मोखाडा हे अनुसूचित क्षेत्रातले तालुके आहेत. १९९६च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रात जमीन घेण्याआधी आणि पुनर्वसनाआधी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी सल्लामसलत करणे बंधनकारक आहे. सल्लामसलत म्हणजे तयार नकाशा भिंतीवर लावून सह्या घेणे नव्हे. आमच्या पाड्यांवर ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी राहतात. त्यांच्याशी बोलायचे तर त्यांच्या बोलीत, त्यांच्या सवडीने, भाताची लावणी किंवा कापणी सुरू नसताना बोलावे लागते. कामाला गेलेली बाई दुपारच्या सभेला येऊ शकत नाही. आणि पाण्याबद्दल सर्वात जास्त तिलाच माहीत असते.

तिसरी तक्रार सांडपाण्याची. वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, भांडुप आणि वर्सोवा इथे मिळून २,४६४ दशलक्ष लिटर सांडपाणी रोज शुद्ध करतील अशी सात केंद्रे उभी राहत आहेत. ही फार चांगली गोष्ट आहे. पण शुद्ध केलेले ते पाणी वापरायचे कुठे, याची योजना धरणाच्या योजनेइतक्या जोराने पुढे जाताना मला दिसत नाही. बांधकामाला, बागांना, गाड्या धुवायला, रस्त्यावर मारायला, कारखान्यांच्या थंडाव्याला पिण्याचे पाणी कशाला हवे? मनोरीला समुद्राचे पाणी गोडे करण्याचा २०० दशलक्ष लिटरांचा प्रकल्प तुम्ही ठरवला आहे. तो महाग पडतो, असे म्हणतात. जंगल आणि गाव बुडते त्याची किंमत मात्र कोणत्याच तक्त्यात नीट मांडलेली नसते, म्हणून धरण स्वस्त दिसते.

चौथी तक्रार मुंबईतल्याच लोकांची, पण तेही आमचेच. इथून पोट भरायला गेलेली कितीतरी माणसे तिथे झोपडपट्टीत राहतात. डिसेंबर २०१४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि झोपडी अनधिकृत आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येत नाही. त्यानंतर २०२२मध्ये महापालिकेने 'सर्वांसाठी पाणी' हे धोरण आणले. धोरण चांगले आहे. ते शेवटच्या गल्लीपर्यंत पोहोचवा, एवढेच म्हणते. इथे हंडा उतरवून गेलेल्या बाईच्या डोक्यावर तिथे पुन्हा हंडा चढू नये.

आता ज्यासाठी पत्राला हे नाव दिले त्या हिशेबाकडे येते. हा हिशेब मी चौथीच्या मुलांना फळ्यावर घालायचे तसाच मांडते.

२०११च्या जनगणनेत शहापूर तालुक्याची लोकसंख्या तीन लाख चौदा हजारांच्या आसपास होती. आज ती चार लाख धरू. जलजीवन मिशनने गावातल्या माणसामागे रोज ५५ लिटर हे माप ठरवले आहे. चार लाख गुणिले पंचावन्न म्हणजे दोन कोटी वीस लाख लिटर, तुमच्या भाषेत २२ दशलक्ष लिटर. तुम्ही रोज नेता ते ३,८०० धरले, तर हजार लिटरांमागे सहा लिटरांपेक्षाही थोडे कमी. तेही तालुक्यातल्या प्रत्येक माणसाला तुमच्याच तलावातून द्यायचे म्हटले तर. प्रत्यक्षात अनेक गावांना स्वतःच्या योजना आहेत, आणि सात महिने बहुतेकांचे भागते. खरी गरज फेब्रुवारी ते जून एवढ्या काळाची आणि काही पाड्यांचीच. म्हणजे हजारात सहासुद्धा लागणार नाहीत. मुंबईला हे पाणी कमी झालेले जाणवणारही नाही. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी भरून वाहते, त्यात यापेक्षा जास्त जात असेल.

हे करता येत नाही, असेही नाही. तुमच्या वाहिन्यांतून वाटेवरच्या ठाणे आणि भिवंडीला आणि काही गावांना पाणी आजही मिळते. म्हणजे वाहिनीला तोंड काढता येते, मीटर बसवता येतो, बिल लावता येते. शहापूरसाठी भावली धरणातून, म्हणजे थेट इगतपुरी तालुक्यातून पाणी आणण्याच्या योजनेबद्दल आम्ही वर्षानुवर्षे ऐकतो आहोत. ती व्हावी, लवकर व्हावी, उताराने पाणी येणार आहे तर फारच चांगले. पण ज्या तालुक्यात तानसा आणि भातसा आहेत त्याला शेजारच्या जिल्ह्यातून पाणी आणावे लागते, यावर दोन मिनिटे थांबून विचार करावा अशी माझी तुम्हाला विनंती आहे. उंचावरच्या पाड्यांना तलावातून पाणी चढवावे लागेल, वीज लागेल, हे खरे. पण पिसे आणि पांजरापूरला भातशाचे पाणी तुम्ही मुंबईसाठी उचलताच ना? आमच्या टेकडीला त्याच्या मानाने अगदी छोटा पंप पुरेल.

तेव्हा माझ्या मागण्या अशा.

तलावांच्या आणि वाहिन्यांच्या दोन्ही बाजूंच्या ज्या गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो, त्यांची यादी तालुक्याच्या पंचायत समितीकडून घ्या आणि राज्य शासनाशी करार करून फेब्रुवारी ते जून त्यांना तुमच्या वाहिन्यांतून मोजून पाणी द्या. कायमची योजना होईपर्यंत द्या. हजारातले सहा लिटर ही वरची मर्यादा समजा.

गळती किती आहे हे दर वर्षी, वॉर्डनिहाय, सर्वांना वाचता येईल असे जाहीर करा. ती निम्म्यावर येईपर्यंत गारगाईचे काम पुढे नेऊ नका. निम्म्यावर आली, शुद्ध केलेले सांडपाणी वापरात आले आणि तरीही पाणी कमी पडले, तर आमच्याकडे या. तेव्हा ग्रामसभेत तुमचे म्हणणे आम्ही नीट ऐकू, हा शब्द देते.

मुंबईच्या पाणीपट्टीतला एक छोटा ठरावीक हिस्सा पाणलोटातल्या गावांसाठी वेगळा ठेवा. त्यातून बंधारे, झऱ्यांची बांधबंदिस्ती, साठवण टाक्या आणि जंगल राखणाऱ्यांची मजुरी होऊ द्या. डोंगरावर झाड राहिले तर तुमच्या तलावात गाळ कमी येतो. त्यामुळे हा खर्च तुमच्याही कामाचा आहे.

पावसाळ्यात रोज तलावांच्या पातळीचा तक्ता प्रसिद्ध होतो. मार्च ते जून त्या तक्त्याखाली आणखी एक ओळ छापा: आज शहापूर, मोखाडा आणि वाडा तालुक्यांत किती गावपाड्यांना टँकर गेला. मुंबईकर वाईट नाहीत. त्यांच्यासमोर हा आकडा कधी येतच नाही, म्हणून ते विचारत नाहीत. दहा टक्के पाणीकपात झाली की शहरात केवढी काळजी पसरते ते मी मुलीकडे राहून पाहिले आहे. त्या काळजीतली थोडी आमच्याकडे वळली तरी पुष्कळ काम होईल.

आणि शेवटची मागणी त्या सोहळ्याची. २०३५मध्ये पावणेदोनशे वर्षे साजरी कराल तेव्हा अभियंत्यांची, आयुक्तांची नावे जरूर घ्या, त्यांनी ते कमावले आहे. पण तानसा, मोडकसागर, भातसा आणि मध्य वैतरणेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांची आणि पाड्यांची नावेही गोळा करा. ती कुठे एकत्र लिहिलेली मी पाहिली नाहीत. जुन्या माणसांना ती आठवतात, पण ती माणसे आता एकेक करून जात आहेत. माझे आजोबा गेले तेव्हा अशी सात-आठ नावे त्यांच्याबरोबर गेली, मी लिहून घेतली नव्हती. अजून काही वर्षे हातात आहेत. पाणी जिथून येते त्या प्रत्येक ठिकाणी एका दगडावर ती नावे कोरा आणि भांडुपच्या शुद्धीकरण संकुलातही एक फलक लावा, म्हणजे तिथे येणारी शाळेची मुले ती वाचतील.

या पत्राचे उत्तर आले तर आनंद होईल. पण उत्तराआधी तुमच्यापैकी कोणी येऊन गेले, तर अधिक बरे. एप्रिलच्या शेवटी किंवा मे महिन्यात या. आदल्या दिवशी संध्याकाळच्या कसारा लोकलने खर्डीला उतरा, मुक्काम माझ्या घरी करा. पहाटे साडेतीनला उठवीन. डवरा घरापासून पंचवीस मिनिटांवर आहे, वाट दगडांची आहे, तेव्हा चपला नकोत, बूट घाला. हंडा मी देईन. बरोबर आणायची असेल तर एक बॅटरी आणा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
खर्डी परिसर, ता. शहापूर, जि. ठाणे